गटापासून लोकसभेपर्यंत : निफाड तालुक्याच्या वाटेने



निवडणुकीचे वारे सुटले की गावच्या पारावर एक वाक्य हमखास कानी पडते. "आपल्या गटाचा सदस्य कामाचा माणूस आहे, आता त्याला खासदारकीला उभा केला पाहिजे." बोलणारा हे सहज बोलून जातो, ऐकणारे माना डोलावतात आणि चहाचा दुसरा पेला येतो. पण ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कचेरीतून निघून लोकसभेच्या सभागृहात पोचण्याची ही जी वाट आहे, ती आपल्याकडे केव्हा पडली, कोणी पाडली, आणि तिच्यावरून जाणाऱ्याला वाटेत काय नवे शिकावे लागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार आज करायचा आहे. आणि तो हवेत न करता नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याच्या काळ्या जमिनीवर उभे राहून करायचा आहे.

निफाडच का, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक असे की, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी याच निफाडला झाला. आणि स्थानिक स्वराज्य म्हणजे काय, ते इंग्लंडात कसे चालते आणि हिंदुस्थानात कसे चालावे, यावर अभ्यासपूर्वक लिहिणाऱ्या आपल्या पहिल्या विचारवंतांत त्यांची गणना होते. दुसरे कारण आजचे आहे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि पिंपळगाव बसवंतची द्राक्षे याच तालुक्यातली. गावच्या प्रश्नाचे धागे दिल्लीपर्यंत कसे पोचलेले असतात, हे निफाडच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कांद्याची गाडी बाजार समितीत उभी असताना तो ते शिकलेला असतो.

आता मुळापासून सुरुवात करू.

लॉर्ड रिपनच्या सरकारने १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्यासंबंधीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. लोकांनी आपल्या गावचा, तालुक्याचा कारभार चालवून राज्यकारभाराचे शिक्षण घ्यावे, असा त्यातला विचार होता. त्यापाठोपाठ १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्हा लोकल बोर्ड व तालुका लोकल बोर्ड अस्तित्वात आले. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई, त्यातून रस्ते, धर्मशाळा, विहिरी आणि शाळा चालत. जुनी माणसे "लोकल बोर्डाची शाळा" म्हणत, ती हीच.

परंतु त्या बोर्डांवर जाई कोण? मताचा अधिकार महसूल भरणाऱ्या आणि मालमत्ता असणाऱ्या मोजक्या लोकांना होता. सरकारने नेमलेले सभासद मोठ्या संख्येने असत आणि खुर्चीवर बहुधा कलेक्टरसाहेबच बसत. कुळाने, शेतमजुराने, गावकुसाबाहेरच्या माणसाने किंवा कोणत्याही घरातल्या बाईने या पायरीवर पाऊल ठेवावे, अशी सोयच नव्हती. १९२३ च्या नव्या कायद्याने निवडून येणारे सभासद वाढले आणि लोकांतला माणूस अध्यक्ष होऊ लागला, तरी मतदाराची चौकट अरुंदच राहिली.

तरीसुद्धा या अरुंद पायरीचा उपयोग मोठमोठ्या माणसांनी करून घेतला, हे विसरता येणार नाही. रानड्यांना गुरुस्थानी मानणारे गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलणारे सभासदही होते. वल्लभभाई पटेल १९२४ पासून चार वर्षे अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. जवाहरलाल नेहरू १९२३ साली अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. गटारे, नळ, कर आणि झाडूवाल्यांचा पगार हे विषय या मंडळींनी आधी हाताळले, आणि देशाचा कारभार नंतर.

पण हे सगळे शहरातले आणि शिकलेल्या वर्गातले. खेड्यातल्या माणसाला दिल्लीची वाट उघडली ती स्वातंत्र्यानंतर, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाल्यावर. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आता गंमत अशी पाहा की, आपल्या नाशिक जिल्ह्यात त्या सुरुवातीच्या काळात जे दोन मोठे पुरुष लोकसभेवर गेले, त्यांपैकी एकाचीही वाट स्थानिक मंडळाच्या खुर्चीवरून सरळ वर गेलेली नाही.

पहिले दादासाहेब गायकवाड. भाऊराव कृष्णराव गायकवाड हे त्यांचे पूर्ण नाव, आणि दिंडोरी तालुक्यातले आंबे हे त्यांचे गाव. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मार्गदर्शनाखाली तो वर्षानुवर्षे नेटाने चालवण्याचे काम दादासाहेबांनी केले. १९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्यानंतर १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेत होते. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून त्यांनी जे सत्याग्रह उभे केले, त्यांत हजारो माणसे तुरुंगात गेली. म्हणजे ही वाट चळवळीची. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावरच जागा नव्हती, त्याला गावच्या मंडळात जागा कुठून मिळणार? म्हणून त्याने सत्याग्रहाच्या रस्त्याने दिल्ली गाठली.

दुसरे यशवंतराव चव्हाण. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून ते संरक्षणमंत्री झाले, आणि नाशिकचे खासदार गोविंद हरी देशपांडे यांच्या निधनाने मोकळ्या झालेल्या जागेवरून १९६३ साली ते बिनविरोध निवडून आले. सह्याद्रीवर राज्य करणारा माणूस हिमालयाच्या रक्षणासाठी गेला, त्याला नाशिककरांनी आपली जागा दिली. ही वाट वरून खाली आलेली. माणूस आधी दिल्लीत पोचला होता, मतदारसंघ त्याला मागाहून मिळाला.

मग खालून वर जाणारी वाट कोणती? ती १ मे १९६२ रोजी सुरू झाली. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

याच्या मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. शिक्षकबंधूंना तो माहीत असेल, पण उजळणी बरी. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशाला सांगितले की ग्रामविकासाची कामे लोकांच्या हाती द्या आणि गाव, गट व जिल्हा असे तीन टप्पे करा. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते या व्यवस्थेचा आरंभ झाला. महाराष्ट्राने आपली समिती १९६० साली नेमली. तिचे अध्यक्ष त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. १९६१ साली समितीचा अहवाल आला, त्यावरून कायदा झाला.

नाईक समितीने इतरांपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली अशी की, खरी सत्ता गटाच्या पातळीवर न ठेवता जिल्ह्याच्या पातळीवर ठेवली. शाळा, दवाखाने, लहान रस्ते, पाटबंधाऱ्याची छोटी कामे, पशुसंवर्धन हे सगळे जिल्हा परिषदेकडे गेले आणि तिचे अंदाजपत्रक डोळ्यांत भरण्याजोगे झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आमदार, खासदार आणि कलेक्टर या तिघांनाही जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले. इतर काही राज्यांत आमदार-खासदार पदसिद्ध म्हणून या मंडळांत येऊन बसत. आणि एकदा आमदारसाहेब बैठकीला येऊन बसले की सरपंचाने तोंड उघडायचे कशाला? महाराष्ट्रात तसे झाले नाही. जिल्हा परिषदेचे सभागृह गावच्या माणसाचे राहिले. तिथे त्याने अंदाजपत्रक वाचायला शिकावे, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला शिकावे, विरोधकाशी भांडून मग त्याच्याच बरोबर एका जीपमधून गावी परतायला शिकावे. मोठ्या झाडाच्या सावलीत रोप वाढत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नाईक समितीने हे रोप सावलीबाहेर लावले.

खुद्द वसंतराव नाईक या वाटेचे उदाहरण आहेत. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष होते. नंतर आमदार झाले, मंत्री झाले, १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले, आणि १९७७ साली वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. लातूरचे शिवराज पाटील १९६७ साली नगराध्यक्ष झाले, १९७३ साली आमदार, १९८० साली खासदार, आणि १९९१ ते १९९६ लोकसभेचे सभापती. नगरपालिकेच्या सभेत ज्याने "अध्यक्षमहाराज" असे शब्द रोज ऐकले, तो पुढे साऱ्या देशाच्या सभागृहाचा अध्यक्ष झाला.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही वाट कायद्याने बांधलेली नाही. घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे स्थानिक संस्थांना विधान परिषदेवर काही सभासद निवडून देता येतात, तेवढी एक पायरी कायद्यात आहे. लोकसभेसाठी अशी पायरी नाही. पंचवीस वर्षे पूर्ण झालेला, मतदारयादीत नाव असलेला कोणताही भारतीय नागरिक लोकसभेला उभा राहू शकतो. त्याने एक दिवसही ग्रामपंचायतीत काढलेला असण्याची अट नाही. अनामत रक्कम पंचवीस हजार रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला साडेबारा हजार. कायद्याचे दार एवढेच आहे. बाकीचे जे आहे, म्हणजे पक्षाचे तिकीट, सहकारी कारखाना, बाजार समिती, शिक्षणसंस्था, घराण्याचे नाव आणि हाताशी असलेला पैसा, ते कायद्यात कुठे लिहिलेले नाही. पण वाट तिथूनच जाते.

आता निफाडकडे वळू. मतदारसंघांची फेररचना २००८ साली अमलात आली आणि दिंडोरी हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत, आणि ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००९ साली येथे पहिली निवडणूक झाली. ती आणि २०१४ ची, अशा दोन्ही निवडणुका हरिश्चंद्र चव्हाण यांनी जिंकल्या.

२०१४ साली त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या डॉ. भारती पवार. शिक्षणाने डॉक्टर, आणि नाशिक जिल्हा परिषदेच्या सदस्या. त्यांचे सासरे अर्जुन तुळशीराम म्हणजे ए. टी. पवार हे कळवणचे अनेक वेळा आमदार आणि राज्यात मंत्री राहिलेले. तेव्हा घराण्याची पुण्याई त्यांच्या पाठीशी होती, हे उघड आहे. पण जिल्हा परिषदेतले काम आणि पाठीशी असलेले नाव या दोन्हींनी मिळूनही पहिल्या खेपेला उपयोग झाला नाही. राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून त्या सुमारे २ लाख ४७ हजार मतांनी हरल्या. त्यांनी जिल्हा परिषदेचे काम सोडले नाही. २०१९ साली त्या भारतीय जनता पक्षात गेल्या, तिकीट मिळाले, आणि जवळजवळ १ लाख ९९ हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या. ७ जुलै २०२१ रोजी त्या केंद्रात आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. करोनाच्या साथीचा तो काळ. जिल्हा परिषदेच्या सदस्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आहे की नाही, हे पाहावे लागते. त्याच सदस्येकडे दोन वर्षांत देशाच्या आरोग्य खात्याचा वाटा आला. आणि २०२४ च्या निवडणुकीत त्या सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पराभूत झाल्या. त्यांना हरवणारे भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) या पक्षाचे ते उमेदवार होते.

या दहा वर्षांच्या हकिकतीत कोणत्या पक्षाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हे ठरवण्याचे हे ठिकाण नव्हे. आपल्याला त्यातून वाटेचे धडे घ्यायचे आहेत. मला त्यात तीन धडे दिसतात.

पहिला धडा आकाराचा. २०१७ साली नाशिक जिल्हा परिषदेचे ७३ गट होते. एका गटातला मतदार सदस्याला तोंडाने ओळखतो. लग्नात भेटतो, मयतीला भेटतो, बाजाराच्या दिवशी रस्त्यात अडवतो. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात २०२४ साली अठरा लाखांहून अधिक मतदार होते. एकीकडे सुरगाणा-पेठचे डोंगर, दुसरीकडे नांदगाव-मनमाडची कोरडी जमीन, आणि मध्ये निफाडचे पाटपाण्याचे मळे. येथे तोंडओळख संपते. उरते नाव आणि चिन्ह. २०२४ साली याचा मोठा विलक्षण अनुभव आला. भगरे या आडनावाचाच आणखी एक उमेदवार अपक्ष म्हणून उभा होता. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह "तुतारी वाजवणारा माणूस", तर अपक्षाचे चिन्ह नुसती "तुतारी". त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. त्यातली किती जाणूनबुजून आणि किती गफलतीने, ते मतपेटीलाच ठाऊक. पण गटाच्या निवडणुकीत असे घडणे कठीण, कारण तिथे लोक नाव वाचून नव्हे तर माणूस आठवून मत देतात.

दुसरा धडा कामाचा. जिल्हा परिषदेचे काम आणि लोकसभेचे काम यांची जातच निराळी आहे. शाळेचे छप्पर, गावाचा जोडरस्ता, नळयोजना ही कामे जिल्हा परिषदेची. कांदा परदेशी जावा की न जावा, हे काम दिल्लीचे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. ती बंदी उठली मे २०२४ मध्ये, निवडणूक चालू असताना. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा ही सरकारची बाजू होती, आणि पिकवणाऱ्याचा खर्च निघावा ही शेतकऱ्याची. लासलगावच्या बाजारात जो भाव पडला, त्याला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष काही करू शकत नव्हता, आणि आमदारही फारसे काही करू शकत नव्हता. त्या निवडणुकीत जिल्हाभर कांद्याचीच चर्चा होती ती यामुळे.

आता पाहा, जो माणूस पंधरा वर्षे रस्ते आणि नळ करून मोठा झाला, त्याने दिल्लीत जाऊन निर्यातीचे धोरण, आयातशुल्क, रेल्वेच्या वॅगन, पीकविमा यांवर बोलायचे असते. हे आपोआप येत नाही. ते नव्याने शिकावे लागते. काही शिकतात. काही मात्र लोकसभेत जाऊनही गटाचेच सदस्य राहतात. यात दोष त्यांचा एकट्याचा नाही. १९९३ साली खासदार निधी सुरू झाला, आणि २०११ पासून तो वर्षाला पाच कोटी रुपये झाला. तेव्हापासून आपण खासदाराला काय विचारतो? "आमच्या गावाला सभामंडप दिला का? हायमास्ट दिवा दिला का?" लोकसभेत तुम्ही कांद्यावर किती वेळा प्रश्न विचारला, हे विचारणारा विरळा. ज्याला आपण गटातून उचलून दिल्लीला पाठवतो, त्यालाच परत ओढून आपण गटात आणून बसवतो. मग दिल्लीत आपले कोण बोलणार?

तिसरा धडा राखीव जागेचा, आणि निफाडच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. निफाड तालुक्यातला द्राक्षबागाईतदार सरपंच, बाजार समितीचा सभापती किंवा कारखान्याचा अध्यक्ष कितीही मोठा झाला, तरी तो अनुसूचित जमातीचा नसेल तर स्वतःच्या मतदारसंघातून लोकसभेला उभा राहू शकत नाही. त्याने शेजारच्या नाशिकमधून किंवा अन्य ठिकाणाहून उभे राहावे. काहींना हे टोचते, आणि ते खासगीत तसे बोलतातही. पण दुसरी बाजू पाहा. दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून या जिल्ह्यात जमीन, पाटपाणी, बँक आणि कारखाना एका बाजूला, आणि डोंगरातला, मजुरी करणारा, वनहक्कासाठी झगडणारा माणूस दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी राहिली. खुल्या चढाओढीत त्या दुसऱ्या माणसाची पाळी केव्हा आली असती, ते सांगणे अवघड आहे. राखीव जागेने एक नवे नाते तयार केले. निफाडच्या बागाईतदाराला आपल्या कांद्यासाठी आदिवासी खासदाराकडे जावे लागते. आणि त्या खासदाराला निफाडच्या मतांसाठी कांदा आणि द्राक्षे यांचा अभ्यास करावा लागतो. सुरगाण्याचे दुःख आणि लासलगावचे दुःख एकाच माणसाच्या पिशवीत पडते. हे नाते नीट सांभाळले, तर त्यात दोघांचेही हित आहे.

बायकांच्या बाबतीतही असेच. १९९३ च्या एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आज आपल्या तालुक्यातल्या कितीतरी गावांत बाई सरपंच आहे किंवा होऊन गेली आहे. प्रथम "सरपंचबाईंचे मालक" कारभार पाहत, हे खरे. पण पुढे पुढे बाया स्वतः बैठकीला उभ्या राहून बोलू लागल्या, हेही तितकेच खरे. लोकसभेसाठी स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती मात्र २०२३ साली झाली, म्हणजे तीस वर्षांनी. गावात निम्म्या पायऱ्या बायकांच्या, आणि वरच्या मजल्यावर जाणारा जिना अरुंद, अशी ही स्थिती इतकी वर्षे राहिली.

आता शेवटी ज्या गोष्टीने मनाला घोर लागतो, तिच्याकडे येतो. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, गटांच्या रचनेचा वाद होता, आणि निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि अनेक नगरपालिकांची हीच गत झाली. प्रशासक कामसू असेल, प्रामाणिकही असेल. शाळा चालू राहतात, पगार होतात, रस्त्याचे डांबर पडते. मग बिघडले काय?

बिघडले ते असे. रिपनच्या ठरावात स्थानिक स्वराज्याला लोकशिक्षणाचे साधन म्हटले होते. नाईक समितीने त्या साधनाला महाराष्ट्रात खरे बळ दिले. ती शाळाच बंद राहिली तर विद्यार्थी कुठून येणार? तीन-चार वर्षांत गावोगावची जी तरुण माणसे सभागृहात पहिल्यांदा उभी राहून अडखळत बोलली असती, चुकली असती, सुधारली असती, ती त्या अनुभवाला मुकली. उद्या लोकसभेला उमेदवार हवा असेल तेव्हा पक्ष पाहील कोणाकडे? ज्याच्याकडे घराण्याचे नाव आहे त्याच्याकडे, ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे, किंवा वरून पाठवलेल्या माणसाकडे. २०२४ साली लोकसभेच्या एका उमेदवाराला पंचाण्णव लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. गटातून वर आलेल्या गरीब माणसाची एकच पुंजी असते, ती म्हणजे लोकांनी पाहिलेले त्याचे काम. ते काम दाखवण्याची जागाच काढून घेतली, तर त्याच्या हाती काय राहते?

"गाव करी ते राव न करी" असे आपण म्हणतो. प्रशासक हा आजच्या काळचा राव आहे. तो वाईट आहे असे नव्हे, पण त्याला विचारणारे गाव हवे.

शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक सूचना आहे. आपण मुलांना नागरिकशास्त्रात जिल्हा परिषदेची रचना पाठ करून घेतो. समित्यांची नावे घोकून घेतो. त्याबरोबर एक साधे कोष्टक फळ्यावर काढावे. डाव्या बाजूला गावातले प्रश्न लिहावेत, आणि उजव्या बाजूला तो प्रश्न कोणाच्या हातातला, ते मुलांनाच सांगू द्यावे. नळाला पाणी नाही, कोणाकडे जायचे? शाळेला शिक्षक नाही, कोणाकडे? कांद्याची निर्यात थांबली, कोणाकडे? रेल्वेचे फाटक तासन्‌तास बंद राहते, कोणाकडे? सातवीतल्या मुलाला हे कोष्टक नीट भरता आले, तर तो मोठेपणी खासदाराकडे हायमास्ट दिवा मागणार नाही.

आणि ग्रामस्थ मंडळींना एवढेच सांगणे. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या भरवण्याची आपल्याकडे रीत आहे. झेंडावंदन झाले, खाऊ वाटला आणि कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, म्हणजे ग्रामसभा झाली असे होत नाही. तिथे बसा, हिशेब मागा, बायाबापड्यांना आणि वस्तीवरच्या माणसांना बोलू द्या. आज तिथे जो नीट उत्तर देतो, त्याच्यावर नजर ठेवा. गटाची निवडणूक येईल तेव्हा त्याला गटात पाठवा. तिथे त्याने अंदाजपत्रक वाचले की नाही, ते पाहा. आणि पुढे कधी तो लोकसभेला उभा राहिला, तर त्याला त्याची जात आणि त्याचा पक्ष विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : "दादा, दिल्लीत आमच्या कांद्यावर काय बोलणार आहात? आणि डोंगरातल्या माणसाच्या जमिनीवर काय बोलणार आहात?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, तो ग्रामपंचायतीतून आला की शाळेतून आला, याने काही बिघडत नाही. पण अनुभव असा आहे की, ती उत्तरे बहुधा त्याच्यापाशीच असतात, ज्याला गावाने अनेक वर्षे भर सभेत उभे करून प्रश्न विचारलेले असतात.